पाटावरचा बॅरोनेट

आमच्या सासूबाई पहिल्यांदा जपानात, ओजिमाला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन बॅगा, एक शिसवी पाट आणि सरदेशमुखी आली. बॅगा आम्ही विमानतळावरून ढकलत आणल्या. पाट माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, काखोटीला मारून गाड्या बदलत घरी पोचवला. सरदेशमुखी मात्र आईंनी स्वतःच आणली, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायची वस्तू नव्हती. खरं म्हणजे वतनं खालसा होऊन जमाना लोटला होता. जमिनी काही कुळांकडे गेल्या, राहिलेल्या भावकीनं खाल्ल्या, आणि कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एवढीच काय ती दौलत उरली होती. एक मान तेवढा शिल्लक होता. गावच्या देवीच्या जत्रेत पहिला नारळ सरदेशमुखांचा. तो फोडायला घरातलं कुणी गेल्याचं सुधीरला आठवत नव्हतं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "जाणं न जाणं आपल्या मर्जीवर आहे. पुजारी फोडतो, पण आपल्या नावानं फोडतो." नाव कुणी मोठ्यानं घेतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मी तेव्हा चोविशीतली होते. लग्न झालं की बाई मोठी झाली, असं आपल्याकडे धरून चालतात. मी लग्न करून, विमानात बसून, परक्या देशात संसार थाटूनही मोठी व्हायची राहून गेले होते. ते राहिलेलं काम आईंच्या त्या मुक्कामात उरकलं. त्या एका कामाबद्दलच हे सगळं सांगते आहे, बाकीचं जपान तुम्हाला कुणीही सांगेल.

आमचं घर म्हणजे सरकारी वसाहतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीच्या, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्यात पोळी लाटताना कोपर फ्रिजला लागायचं. सकाळी समोरच्या गॅलऱ्यांमधून गाद्या झोडपल्याचे आवाज येत, कचऱ्याच्या जाळीवर कावळे भांडत, आणि संध्याकाळी पाचला खांबावरच्या भोंग्यातून मुलांना घरी पिटाळणारी एक रडवेली सुरावट वाजे. सुधीर तोयोसूच्या ऑफिसात गेला की दिवसभर मी ज्याच्याशी बोलायची तो भाताचा कुकर. भात झाला की तो गाणं वाजवायचा आणि मी त्याला "हो, आले" म्हणायची. आज हे सांगितलं की माझी मुलगी हसते आणि जपानीत काहीतरी म्हणते, त्याचा अर्थ साधारण "बिचारी" असा होतो. बिचारी वगैरे काही नव्हते. कंटाळले होते मात्र खरी.

आई आल्या आणि घरातल्या सगळ्यांचे हुद्दे बदलले. एरवी मी नवऱ्याला सरळ सुधीर म्हणायची. आई आल्या त्या संध्याकाळपासून त्याला बढती मिळाली आणि तो "अहो" झाला. ऑफिसात तो सुधीर-सान होता, महाराष्ट्र मंडळात सुधीरभाऊ. इतक्या पदव्या असूनही आईपुढं तोंड उघडायची वेळ आली की तो पाणी प्यायला उठायचा. मी नीलूची "सूनबाई" झाले. आई स्वतः पाटावर बसून जेवत, आणि आम्ही दोघं खाली, म्हणजे जपानी लोक बसतात तसेच, पण आईंच्या मते आम्ही आमच्या पायरीनं बसलेलो.

आता बेकरीचं सांगते. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर मोरिता-सान नावाच्या बाईंची पावाची बेकरी होती. दार उघडलं की घंटी वाजायची, आतून गरम लोण्याचा वास यायचा, आणि चिमटे टकटक वाजवत गिऱ्हाइकं आपापले पाव ट्रेमध्ये उचलून ठेवायची. मी तिथं पाव घ्यायला कमी आणि बोलायला जास्त जायची. पुण्यात क्लास लावून शिकलेलं माझं जपानी मोरिता-सानना फार गमतीचं वाटे. मी म्हणे बातम्या दिल्यासारखी पाव मागायची. एक दिवस त्यांनीच विचारलं, "आरुबाइतो करशील का? अर्ध्या दिवसाचं काम. सोमवारपासून. शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते." माझ्या व्हिसावर कामाची परवानगी मी केव्हाच काढून ठेवली होती. ती जपान सरकारनं विनातक्रार दिली होती. प्रश्न कोथरूड सरकारचा होता.

"सरदेशमुखांची सून पाव विकणार?" आई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच ते दृश्य डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. "अगं, लोक काय म्हणतील?"

"इथं कोण लोक आहेत, आई?"

"म्हणून काय झालं? लोक नसतानाही लोक असतातच."

सुधीरला मी एकट्यात गाठलं. तो म्हणाला, "आई गेल्यावर बघू ना. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." मला त्याचा असा राग आला की मी दोन दिवस त्याला एकट्यातही "अहो" म्हणत राहिले. मोरिता-सान तीन महिने थांबणार नव्हत्या. आणि मला कुठंतरी आतून कळत होतं, की हे तीन महिने गेले की मग पुढच्या वर्षी आई येतील ते तीन महिने, मग बाळंतपण, मग मुलांची शाळा. "आई गेल्यावर" हा काळ आपल्या घरात कधी येतच नाही.

त्याच आठवड्यात स्टेशनच्या जिन्यापाशी एक फलक लागला. चष्म्याच्या दुकानावर इंग्रजी संभाषण शिकवणारा एक छोटासा क्लास होता, त्याची ती जाहिरात. भाड्यानं आणलेला काळा कोट घातलेला एक उंच म्हातारा इंग्रज, तोंडावर दात दुखत असल्यासारखं हसू, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "खऱ्याखुऱ्या इंग्रज उमरावाकडून इंग्रजी शिका!" मी आईंना वाचून दाखवलं. जपाननं आपले स्वतःचे उमराव युद्धानंतर मोडीत काढले होते, आणि आता दुसऱ्यांचे भाड्यानं लावले होते. पण आई फलकाकडे टक लावून बघत होत्या.

"हा तर आपल्या बिल्डिंगमधला," त्या म्हणाल्या. "तळमजल्यावर टोमॅटोला पाणी घालतो तो."

तोच होता. सर जाइल्स विदरबी. सुधीरनं घरी बसून शोधाशोध केली आणि जाहीर केलं की हे गृहस्थ बॅरोनेट आहेत. म्हणजे लॉर्ड नव्हेत, राजघराण्यातले नव्हेत, पण नावामागं सर लागतं, आणि बाप गेला की ते मुलाला लागतं.

"म्हणजे वंशपरंपरेनं?" आईंनी विचारलं.

"हो."

"सरकारनं एकट्याला खूश होऊन दिलेलं नव्हे?"

"नाही, पिढीजात."

"मग बरोबरीचे आहेत," आई म्हणाल्या, आणि शुक्रवारी रात्री जेवायला बोलवायचं ठरलंसुद्धा. मंडळातल्या बायकांना रविवारी सांगायला एवढं मोठं काही त्यांना आल्यापासून मिळालं नव्हतं. पण त्यांचा आणखी एक बेत होता, आणि तो त्यांनी माझ्यापासून लपवला नाही. "त्यांच्या बायकोला लेडी म्हणतात ना? येऊ दे तिला. तिलाच विचार, खानदानी घरातल्या बायका दुकानात उभ्या राहतात का. माझं नको ऐकूस. ती सांगेल ते मला मान्य, आणि तुलाही मान्य पाहिजे." सुधीरनं लगेच मान डोलावली. निकाल बाहेरचं कुणी देणार म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता.

शुक्रवारी सकाळपासून घरात पुरणाचा वास भरला. हरभऱ्याची डाळ मी भारतीय दुकानातून आणली होती, गूळ आईंनी बॅगेतून आणला होता. पुरणयंत्र नव्हतं, म्हणून आई चाळणीवर पुरण घासत बसल्या. दुपारी कोथिंबीर संपली म्हणून मी खाली उतरले. कोथिंबीर घेतली आणि पाय आपोआप बेकरीकडे वळले. मोरिता-सान दारातला ट्रे पुसत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रस्ताभर मी मनाशी घोकत आले होते की उद्यापर्यंत थांबता का, असं विचारू या. तिथं उभी राहिले आणि वाटलं, मी कुठं उभं राहायचं ते एका टोमॅटोवाल्या बॅरोनेटच्या न पाहिलेल्या बायकोनं ठरवायचं? "येते सोमवारपासून," मी म्हणाले. बातम्या दिल्यासारखंच. त्यांनी मला एप्रन घालून बघायला लावला, आणि मी कोथिंबीर घेऊन घरी आले. आईंना जेवणानंतर सांगायचं, असं मी ठरवलं.

सर जाइल्स अगदी वेळेवर आले, हातात तीन टोमॅटो घेऊन. आईंनी जांभळं नऊवारी नेसलं होतं. तातामीवर रांगोळी काढता येईना, म्हणून ताटाभोवती कागद कापून त्यावर काढली होती. शिसवी पाट पाहुण्यांना दिला. ज्या पाटावर सुधीरलाही कधी बसू दिलं नाही, त्यावर तो सहा फुटी इंग्रज घडीच्या खुर्चीसारखा तीन टप्प्यांत दुमडून बसला. त्यानं डावा हात मांडीवर ठेवून उजव्यानं वरणभात कालवला, तेव्हा आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, रक्तात असावं लागतं. मागाहून कळलं की जपानला येण्याआधी तो बरीच वर्षं श्रीलंकेत शिकवत होता.

आईंना इंग्रजी थोडंफार कळायचं, पण बोलायच्या त्या मराठीतच, आणि भाषांतर माझ्याकडे. पहिला प्रश्न पदवी कशी मिळाली हा. सर जाइल्सनी पोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि म्हणाले, "विकत घेतली."

मी भाषांतर केलं. आईंना वाटलं मी चुकले. मी पुन्हा विचारलं.

"हो हो, विकत. आमच्या एका राजाला आयर्लंडात फौज ठेवायला पैसे हवे होते. त्यानं ही नवी पदवी काढली आणि विक्रीला ठेवली. आमचे पूर्वज लोकरीचे व्यापारी होते. हातात पैसा होता, शेजारच्यानं घेतली म्हणून त्यांनीही घेतली."

"मग जमीन? गावं?"

"होती थोडी. आजोबांनी घोड्यांवर उडवली."

"तुमच्या पार्लमेंटात उमरावांची सभा असते ना, तिथं खुर्ची?"

"बॅरोनेटला तिथं कधीच खुर्ची नव्हती. खरं तर आम्ही उमरावच नव्हे. मी क्लासच्या मालकाला दोनदा सांगितलं, तो म्हणाला, जपानीत फरक पडत नाही." ते खजील झाले होते. "एक तांबडा पंजा मिळतो, ढालीवर काढायला. डावा."

आई क्षणभर खुलल्या. आपल्याकडे वास्तुशांतीला दारावर कुंकवाचे पंजे उठवतात, ते त्यांनी सांगितलं. मग मुद्द्यावर आल्या. "मान कुठला? पंगतीत कितवे बसता?"

याचं भाषांतर करायला मला जरा वेळ लागला, पण सर जाइल्सना प्रश्न ताबडतोब कळला. किंबहुना त्या संध्याकाळी त्यांना पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला गेला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बॅरनच्या धाकट्या मुलांच्या मागं आणि बहुतेक साध्या नाइटांच्या पुढं, असा त्यांचा क्रम होता. "पण ती पंगत माझ्या हयातीत कुणी मांडलेली नाही," ते म्हणाले. "मांडली तर मी नक्की कुठं बसायचं ते मला तोंडपाठ आहे." मला एकदम जत्रेतला नारळ आठवला. आईंनाही आठवला असावा, कारण त्यांनी कटाची आमटी वाढायला घेतली आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

एवढ्यात बेल वाजली. दारात एक ठेंगणी जपानी बाई, अंगावर सुपरमार्केटचा हिरवा एप्रन, वर जाकीट, हातात अर्ध्या किमतीचा पिवळा स्टिकर लावलेली स्ट्रॉबेरीची पेटी. शिफ्ट लांबली म्हणून उशीर झाला, माफ करा, असं म्हणत ती कमरेतून वाकली. आईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग सर जाइल्सकडे वळून आपलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं, "अँड लेडी? व्हेन इज शी कमिंग?"

"हीच, मिचिको," सर जाइल्स म्हणाले. "लेडी विदरबी."

मिचिको-सान हसल्या आणि म्हणाल्या की हा शब्द ऐकला की त्यांना मागं वळून बघावंसं वाटतं, कुणी आलंय का म्हणून. आईंनी तिला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, सगळं यथासांग केलं, पण हात यंत्रासारखे चालले होते. शेवटी त्यांनी ठरवलेला प्रश्न विचारलाच. वचन म्हणजे वचन. फक्त तो आता थोडा वाकडा झाला होता. "तुम्ही लेडी असून दुकानात काम करता?"

मी जपानीत विचारलं. मिचिको-सान माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "लेडी होण्यात दिवसाचं काही काम नसतं हो. लग्नाआधीपासून मी गल्ल्यावर आहे. आमच्या दुकानात माझी रांग सगळ्यात लवकर सरकते." मग जरा विचार करून म्हणाल्या, "आणि घरी बसले असते तर दिवसभर ह्यांच्याशी इंग्रजी बोलावं लागलं असतं." मी शब्दाचाही फेरफार न करता मराठीत सांगितलं. सर जाइल्स सगळ्यात मोठ्यानं हसले. आईंनी विचारलं, तुमच्यानंतर पदवी कुणाला? ती न्यूझीलंडला पोहण्याचे तलाव साफ करून देणाऱ्या एका चुलतभावाला जाणार होती. मुलगी होती, पण मुलीला मिळत नाही.

"मुलीला नाहीच?" आई म्हणाल्या.

"नाही."

"आमच्याकडेही नाही," आई म्हणाल्या. हे त्यांनी मला भाषांतर करू दिलं नाही.

पाहुणे गेले. सुधीर ताटं गोळा करू लागला, हेही आईंच्या समोर पहिल्यांदाच घडत होतं. आई पाट पुसून भिंतीला लावत होत्या. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "जा तू त्या बेकरीत. माझी परवानगी आहे."

सुधीरच्या हातातलं ताट खाली पडता पडता राहिलं.

"लेडी लोक करतात म्हणजे ते काम हलकं नाही," आईंचा हिशेब पक्का होता. "उलट मंडळातल्या त्या बायका घरी बसून असतात, त्यांनाच काही चालरीत नाही म्हणायची. रविवारी सांगते मी त्यांना. पण तू गल्ल्यावर बस. ती गल्ल्यावर आहे. ट्रे पुसायचे नाहीत."

सुधीर त्यांच्या पाठीमागून मला डोळ्यांनी खुणावत होता, घे, घे, मिळतंय तर घे. आणि घ्यायला काय हरकत होती? तोंड गोड, काम फत्ते, घरात शांतता. आपल्याकडच्या बायकांनी आजवर बहुतेक गोष्टी अशाच मिळवल्या आहेत, देणाऱ्याची चूक त्याच्या लक्षात आणून न देता. आजची मी असते तर कदाचित घेतलीही असती, आता मला शांततेची किंमत कळते. पण तेव्हा मला ते सहन झालं नाही. लोकर विकणाऱ्या कुणा विदरबीनं शेजाऱ्याच्या ईर्ष्येनं घेतलेली पदवी, आणि तिच्या जोरावर मी ओजिमात पाव विकायचा.

"आई," मी म्हणाले, "मी दुपारीच हो सांगून आले. तुम्हाला विचारणार नव्हते, नुसतं सांगणार होते. त्या लेडी नसत्या, साध्या मिचिको-सान असत्या, तरी मी जाणारच होते. आणि ट्रेसुद्धा पुसणार आहे."

सुधीर पाणी प्यायला उठला. पण तो उभाच होता, म्हणून नुसताच नळापाशी जाऊन थांबला.

"दुपारी केव्हा?" आईंनी विचारलं.

"कोथिंबीर आणायला गेले होते तेव्हा."

"म्हणजे मी पुरण घासत होते."

"हो."

त्या पाटाशेजारी तातामीवर खाली बसल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा बॅग भरायला घेतील. दोन्हीची मी तयारी ठेवली होती. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ रांगोळीच्या कागदावरचे दाणे बोटानं एकत्र करत राहिल्या.

"सुधीर दोन वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी आली होती मला. घरून दहा मिनिटांवर शाळा. हेडबाई स्वतः येऊन सांगून गेल्या."

"मग?"

"मग काय? मी विचारलं ना घरात."